दोन खांबांमधलं अंतर

मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यात मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मला कळलं, की इथे डोरिक खांबाला 'साधा' म्हणतात, आयोनिकला 'शिंगवाला' आणि कोरिंथियनला 'पानवाला'. ऑर्डरही तशीच यायची. "मॅडम, चार शिंगवाला, आठ पानवाला, थर्सडे को डिलिव्हरी." मी पुण्याची आर्किटेक्ट. ग्रीक आणि रोमन स्थापत्य हा माझा कॉलेजातला लाडका पेपर, पुढे काही वर्षं मी तो शिकवलाही होता. त्यामुळे आयोनिक खांबाच्या त्या सुंदर गुंडाळ्यांना, ज्यांना व्होल्यूट म्हणतात, कुणी बोकडाची शिंगं म्हणावं, याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नवऱ्याची नोकरी मस्कतला, म्हणून आम्ही इकडे आलो आणि अल खौदला घर घेऊन राहू लागलो. घरी बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते. तेवढ्यात हा कारखाना मिळाला. काम असं, की सिमेंटमध्ये काचेचे तंतू मिसळून ते साच्यात फवारायचं आणि त्यातून व्हिलांना लावायचे खांब, कठडे, कमानी काढायच्या. दिसायला दगडी आणि ठोकून पाहिलं तर पोकळ. माझ्याकडे ड्रॉइंग्ज होती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यात जे असेल ते कागदावर आणायचं आणि जमलं तर त्यातला गाढवपणा थोडा कमी करायचा.

तेव्हा अल खौदमध्ये नव्या व्हिलांचं पेव फुटलं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही दोघं फिरायला निघायचो आणि मी सुरू व्हायचे. हे बघ, गॅरेजवर पेडिमेंट! पेडिमेंट म्हणजे देवळाच्या माथ्यावरचा त्रिकोण, त्यात देवदेवतांच्या मूर्ती असायच्या, इथे आत लँड क्रूझर. हे बघ, पाण्याच्या टाकीखाली डेंटिल्स! म्हणजे छताच्या कडेखालची दातांची ओळ. नवरा मुकाट्याने ऐकायचा. एकदा मी त्याला एंटासिस समजावून सांगत होते, की ग्रीक खांब सरळसोट नसतो, मधे त्याला किंचित फुगवटा असतो, त्यामुळे तो डोळ्याला जिवंत वाटतो. त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "मग माझ्या मागे जिम जिम म्हणून का लागतेस? ग्रीक आहे हे."

असो. आमचा अर्बाब, म्हणजे कारखान्याचा मालक, भला माणूस होता. एकदा एका गिऱ्हाइकाला शिंगंही हवी होती आणि पानंही, एकाच खांबावर. मी खेकसण्याच्या बेतात होते, पण मला आठवलं, की रोमन लोकांनी नेमकं हेच केलं होतं आणि त्याला कॉम्पोझिट असं भारदस्त नाव आहे. मी तसं सांगितल्यावर गिऱ्हाईक खूश. अर्बाब माझ्याकडे बघून म्हणाला, "शुफ, देखो मॅडम, एव्हरीबडी हॅपी. खलास." त्या दिवसापासून मी लोकांवर खेकसणं बरंच कमी केलं. निदान दुपारच्या चहानंतर.

साच्यांच्या शेडवर जो मुख्य होता त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे. मालवणकडचा माणूस, साठीच्या उंबरठ्यावरचा, पांढऱ्या मिशा आणि त्यांच्यावर कायम सिमेंटची भुकटी. त्याची सगळी उमर कोरिंथियन कॅपिटलची पानं घडवण्यात गेली होती. कॅपिटल म्हणजे खांबाचा माथा. पानाची शीर कुठे खोल, कुठे उथळ, टोक किती वळवायचं, यात तो कुणाचं ऐकायचा नाही. माझंसुद्धा नाही. त्यामुळे आमचं पटायचंही आणि वाजायचंही.

एकदा चहाच्या सुट्टीत मी त्याला या पानांची गोष्ट सांगितली होती. कोरिंथ नावाच्या गावात एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून ती टोपली तिच्या थडग्यावर ठेवली आणि वर कौल झाकलं. टोपलीखाली नेमकं एका रानटी झाडाचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीला वेढून वर आली आणि कौलाखाली अडून बाहेर वळली. वाटेने जाणाऱ्या एका कारागिराने ते पाहिलं आणि तसाच खांबाचा माथा घडवला.

मेस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे ही टोपली असा?"

"टोपलीच."

"इतकी वर्सां माका कोणी सांगूक नाय!" म्हणून तो शेडमध्ये गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून 'पानवाला'चा 'टोपलीवाला' झाला. मला वाटलं, ग्रीकच्या दिशेने आपण एक पाऊल तरी टाकलं.

त्याच वर्षी त्याने गावी परत जायचं ठरवलं. सुट्टीवर नव्हे, कायमचं. व्हिसा रद्द, खलास. आणि एका दुपारी तो मोबाईल हातात धरून माझ्या केबिनमध्ये आला.

"मॅडम, एक काम व्हता. घराक खांब लावचे असत. चार. टोपलीवाले."

फोटोत एक चिऱ्याचं कौलारू घर होतं. पुढे अरुंद ओटा, मधोमध दार, दोन पायऱ्या, समोर सारवलेलं खळं. छान, बुटकं, समजूतदार घर. त्याला कोरिंथियन खांब लावायचे म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण उठून उभी राहिली.

"अहो मेस्त्री, कोरिंथियन खांब जाडीच्या दहापट उंच असतो. तुमची पागोळी माझ्या डोक्याला लागेल. तिथे दहापट उंची धरली तर खांब उसाच्या कांड्यासारखा दिसेल. डोरिक लावा. ठेंगणा, ठोस, त्या घराला शोभणारा."

"साधो?"

"डोरिक."

"लोकांच्या घरांका पानां, नि माझ्या घराक नुसतो दांडो?" त्याचा आवाज चढला होता. मग तो खुर्चीवर बसला. एरवी माझ्या केबिनमध्ये तो कधी बसत नसे. "मॅडम, ह्या घर मीच बांधून घेतलंय. पण मी थयसर कधी महिन्यावर रवलंय नाय. सुट्टी संपली की चाललंय. घर तिचां असा. चायपत्तीचो डबो खंय ता पण माका इचारूचा लागता. मी थयसर पावणो. आता कायमचो जातंय, तर एक तरी वस्तू माझ्या हातची दिसाक व्हयी की नाय? नायतर ती म्हणात, ह्यो कोण बसलो असा ओट्यार?"

'ती' म्हणजे त्याची बायको. प्रमाणांचा मुद्दा मी सोडून दिला. मी पेन्सिल उचलली आणि उसाचं कांडं त्यातल्या त्यात देखणं कसं दिसेल ते बघू लागले.

पण प्रमाणांपेक्षा मोठी अडचण मालवणात होती. वहिनींना खांब नको होते. एकदा त्याने फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि खुणेने म्हणाला, तुम्हीच सांगा. मी आर्किटेक्ट असल्याचं ऐकून वहिनी आधी फार आदराने बोलल्या आणि मग त्यांनी माझी कणिक तिंबली.

"बाय, खळ्यात माझी आमसुला सुकतत. खांब घातलास तर ऊन खंयसून येतला?"

"वहिनी, खांब खळ्यात नाही, ओट्यावर."

"मगे पावसात लाकडां खंय रचू? आणि लोक काय म्हणतले? तुमच्या मेस्त्रीक सांगा, देवळाक दान करा खांब. देव तरी थयसर बारा म्हयने आसता."

फोन बंद झाला. मेस्त्री मिशीवरची भुकटी झटकत बसला. ओट्यावरच्या खांबांनी खळ्यातली आमसुलं कशी अडतात, हे मला अजिबात पटलं नव्हतं. बाईंच्या मनात दुसरंच काहीतरी आहे, असं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "तिच्या मनातला कळाक मी थयसर होतंय कधी?"

त्यानंतर त्याने जे केलं ते गल्फमधला आपला माणूसच करू जाणे. बोलून प्रश्न सुटत नाही असं दिसलं, की तो कार्गो करतो. रुसवा असो, वाढदिवस असो, बारसं असो, खोकं भरायचं, दोरीने आवळायचं, वर मार्करने गाव-तालुका-जिल्हा लिहायचा आणि बोटीने पाठवून द्यायचं. मेस्त्रीने अर्बाबकडून टोपलीचा एक जुना साचा मागून घेतला. छोट्या मापाचा, फायबरचा, उभा चिरलेला, म्हणजे दोन अर्धुकं. खांबाचा दांडा काय, गावचा गवंडीही ओतेल, पण पानं तो कुठून आणणार? तो साचा, सोबत दोन ब्लँकेटं, खजूर आणि दूध पावडर असं खोकं रवाना झालं. वहिनींना न विचारता. वस्तू दारात आली की त्या नाही म्हणणार नाहीत, असा त्याचा हिशेब.

खोकं पोचल्यावर बरेच दिवस काही कळेना. मग एका सकाळी गावाहून त्याच्या मोबाईलवर फोटो आला आणि शेडमध्ये एकच हलकल्लोळ उडाला. मी धावत खाली गेले, मला वाटलं कुणाला लागलं बिगलं. पाहते तर ओट्याच्या कोपऱ्यात साच्याचं एक अर्धुक उताणं ठेवलेलं, त्यात भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, आणि पिंजरावर एक तांबडी कोंबडी, पंख फुगवून, डोळे अर्धे मिटून, कोरिंथियन थाटात अंड्यांवर बसलेली.

मी हसले. पोट धरून, टेबलाचा आधार घेऊन हसले. टोपलीची पुन्हा टोपली झाली होती. बंगाली पोरं हसली, केरळी सुपरवायझर हसला, अर्बाबने तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. एकटा मेस्त्री हसत नव्हता.

"आता तरी काढून घ्यायला सांगा," मी डोळे पुसत म्हटलं.

"खुडूक कोंबडी हलवची नसता, मॅडम. अंडी फुकट जातत."

हेही खरंच. तिकडे गवंडी ओळंबा घेऊन तयार, इकडे मेस्त्रीचं तिकीट काढलेलं, आणि सगळं काम एका कोंबडीपाशी अडलेलं. रोज सकाळी शेडमधलं कुणी ना कुणी विचारायचं, "मेस्त्री, बच्चा निकला क्या?" अर्बाबसुद्धा येता-जाता विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "इन्शाल्ला, इन्शाल्ला." मेस्त्री खाली मान घालून पानांच्या शिरा कोरत राहायचा. त्या दिवसांतली त्याची पानं जरा जास्तच खोल उतरली, गिऱ्हाइकांना ती फार आवडली.

पिल्लं निघाली. आणि कोंबडी उठली तशा वहिनीही थोड्या हलल्या. निरोप आला तो असा: खांब लावा, पण चार नाही, दोनच. आणि ते मी सांगते त्या जागी. सोबत फोटो होता. ओट्यावर, पायरीच्या दोन बाजूंना, दोन बांबू उभे करून ठेवलेले. बांबूंमधलं अंतर पाहून माझा दुपारच्या चहानंतरचा नियम मोडला.

दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला नाव आहे आणि तिला नियमही आहेत. खांबाच्या जाडीच्या दीडपट अंतर असेल तर पिक्नोस्टाइल, म्हणजे दाट. सव्वादोनपट असेल तर युस्टाइल, म्हणजे नेमकं आणि देखणं. साडेतीनपट आणि त्याच्या पलीकडे अरेओस्टाइल, म्हणजे विरळ, आणि ते काही कौतुकाचं नाव नव्हे. वहिनींच्या बांबूंमधलं अंतर पाहून अरेओस्टाइलनेही तोंड लपवलं असतं. पुढचे दात पडलेल्या माणसासारखं ते घर हसताना दिसू लागलं.

मी म्हटलं, लावा फोन. मीच बोलते.

"वहिनी, एवढं लांब नाही चालत. खांबांच्या अंतराचं एक शास्त्र आहे."

"कसला गो शास्त्र?"

सोपं करून सांगायचं म्हणून मला शिकवताना वापरायचे ते उदाहरण आठवलं. "जुन्या रोमन लोकांचं. ते म्हणायचे, देवळाचे खांब फार दाट असू नयेत. नाहीतर देवाला जाणाऱ्या बायकांना एकमेकींचा हात धरून शेजारी शेजारी जाता येत नाही, एकामागे एक जावं लागतं. पण म्हणून कुणी इतके विरळ..."

"मगे मी काय केलंय?" वहिनी मधेच म्हणाल्या. "ताच केलंय! शेजारणीक हाक मारलंय. तिका म्हटलंय, तू ह्यांच्या जागेर उभी रव. ती नि मी, हात धरून पायरी चढलो. जितकी जागा लागली तितकी ठेवलंय. वायच जास्त ठेवलंय, हे शेजारणीपेक्षा जाडे असत."

मेस्त्री टेबलापाशी उभा होता, त्याने हळूच पोट आत घेतलं.

"पण वहिनी, दोघांनी एकदम कशाला चढायचं?"

पलीकडे वहिनींनी कोंबड्यांना हुसकावलं. मग त्या बोलल्या, आणि या खेपेला त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"घर बांधून झाला तेव्हा वास्तुशांत केली. तुमका रजा गावली नाय. पूजेक दीर नि जाऊ बसली. त्यांची गाठ मारली, त्येनी कलश घेतल्यानी, तीच दोघां पयली आत गेली. माझ्या घरात. आणि मी मागच्या दारी वडे तळी होतंय. तेव्हापासून दर सालाक ह्ये म्हणतत, येतंय, औंदा कायमचो येतंय. आणि येता काय? खोको! मिक्सर इलो, टीव्ही इलो, ब्लँकेटां इली. माणूस नाय इलो. आता खांबाचो खोको इलो, तेव्हा मी समाजलंय, ह्या सालाक पण माणूस येवचो नाय. घातलंय कोंबडी."

मी मेस्त्रीकडे बघायचं टाळलं. कोरिंथच्या त्या दाईची टोपली माझ्या डोळ्यांसमोर आली. वस्तू भरून टोपली ठेवतात ती परत न येणाऱ्या माणसासाठी, ही गोष्ट मीच त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितली होती, आणि मालवणात एक बाई इतकी वर्षं तशाच टोपल्या उघडत होती. मला वहिनींचा खूप राग यावा असं वाटत होतं, कारण मग रडू आलं नसतं.

मेस्त्री फोनवर वाकून म्हणाला, "तिकीट काढलंय गो. खोको नाय. मीच येतंय."

"येवा तर," वहिनी म्हणाल्या. "आणि वास्तुशांत परत करूची असा. गाठ मारून आत जावचा असा. मधे खांब आडो येता नये." आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी ड्रॉइंग नव्याने काढलं. दोन खांब, वहिनींच्या बांबूंच्या जागी. वरच्या आडव्या तुळईला, जिला आर्किट्रेव्ह म्हणतात, आत दोन जादा सळया टाकल्या, कारण एवढ्या लांब फटीवर दगडी तुळई ग्रीकांचीही टिकली नसती. विद्यार्थ्याने असं ड्रॉइंग दाखवलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मेस्त्रीने ते घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. निघायच्या दिवशी अर्बाबने त्याला मिठी मारली आणि "यल्ला, यल्ला, फ्लाइट" म्हणत स्वतःच गाडीत बसवलं. त्याच्यासोबत फक्त एक हातातली बॅग होती. कार्गो नव्हता.

पुढे खांब उभे राहून वास्तुशांत झाली, ते मला ती झाल्यावर दोन-तीन दिवसांनी कळलं. झालेल्या घराची पुन्हा वास्तुशांत करावी का, यावर भटजींनी थोडी कुरकूर केली म्हणे, पण नव्या खांबांचं निमित्त त्यांना पुरलं. मेस्त्रीने फोटो पाठवले होते, सगळेच्या सगळे खांबांचे. पुढून खांब, बाजूने खांब, खालून वर बघताना पानं. पानं अप्रतिम होती. एकातही माणसं नव्हती. मी वैतागून फोनच लावला, तर तो वहिनींनी उचलला.

"वहिनी, खांब कसे दिसतायत?"

"खांब बघूक येळ खंय गावलो, बाय! लोक किती इले. पानां बरी असत म्हणतत सगळे. कोंबडी पण वर चढूक बघता."

"आणि पूजा?"

"झाली. बरी झाली."

"वडे कोणी तळले मग?"

"जावेन." त्यांचा आवाज बारीक झाला, बहुधा जाऊ जवळपासच असावी. "पयलो घाणो करपवल्यान. माका बसल्या जागेर वास येय होतो."

"मग?"

"मगे काय?" वहिनी म्हणाल्या. "उठतलंय कशी? गाठ मारलेली व्हती."